हाताला लागणारी काळी शाई

सकाळी दुकान उघडलं की बाबा लगेच दिवे लावायचे नाहीत. शटर अर्धंच वर करून, कमरेत वाकून आत शिरायचे आणि टेबलाच्या काठाला चिमट्याने अडकवलेली आदल्या दिवशीची छपाईच्या चाचणीची पट्टी अंधारातच चाचपायचे. त्या पट्टीवर करड्या रंगाच्या पायऱ्या असत, फिकट राखेपासून उतरत उतरत शेवटच्या अगदी काळ्या चौकोनापर्यंत. त्या चौकोनावर उजव्या हाताचा अंगठा दाबायचा, जरासा फिरवायचा, मग उरलेलं शटर वर ढकलून रस्त्याच्या उजेडात अंगठा बघायचा. कोरा असला की बाबा "हं" म्हणायचे. मग पंखा, मग दिवे, मग मशीन.

अंगठा काळा झाला असला तर तो दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने पुसायचे. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, पण दुकान जुनं होतं, त्यामुळे चौकटीवर वीतभर काळपट डाग साठला होता. रंगारी आला तेव्हा बाबांनी त्याला तेवढी जागा सोडायला लावली.

"अहो, बाकी सगळं पांढरंशुभ्र आणि इथे हे काय?" रंगारी म्हणाला.

"राहू दे. ती माझी सर्टिफिकिटं आहेत."

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला फ्रेमवाला. फ्रेमवाल्याची आणि बाबांची भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की तो इकडच्या बोलण्याला तिकडून करवत थांबवून उत्तर द्यायचा. आत एक लांबट खोली, तिच्या टोकाला फोटो छापायचं मशीन. एखादा माणूस हातपाय पसरून झोपेल एवढं रुंद. त्यात रंगांच्या नळकांड्यांची रांग होती, पण बाबांचं मन एकाच रंगात होतं. गिऱ्हाईक आपल्या लग्नातल्या लाल कपड्यांबद्दल बोलत असायचं आणि बाबा फोटोतल्या नवऱ्या मुलाच्या कोटाची घडी न्याहाळत असायचे, तिच्यातला काळा बसलाय का उठलाय ते बघत. म्हणून फ्रेमवाल्याने त्यांचं नाव ठेवलं होतं डांबरशेठ.

"डांबरशेठ, रंग सात असतात म्हणे."

"असतील. बाकीचे सगळे पाहुणे. घरचा तो काळाच."

लेकीला हे सगळं पाठ होतं. ती कॉलेजात तात्पुरती शिकवायची. ती नोकरी संपली तेव्हा दुसरी मिळेपर्यंत म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. तेही तात्पुरतंच, असं म्हणता म्हणता तिच्या केसांत पांढरा दिसायला लागला. बाबांनी तिला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते एवढंच होतं, की काळा एक नसतो. मशीनला दोन काळ्या शाया लागतात. चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक, आणि खरखरीत सुती कागदाला मॅट ब्लॅक. चकचकीत कागदाला वर पातळ कातडी असते. फोटो ब्लॅक बारीक, ती त्या कातडीत मुरते आणि काचेसारखी चमकते. मॅट ब्लॅकचा कण जाडा, तो सुती कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतो आणि मखमलीसारखा गडद दिसतो. उलट केलं की दोन्ही बिघडतात. सुती कागदावर फोटो ब्लॅक घातली तर कागद ती पिऊन टाकतो आणि काळ्याची राख होते. चकचकीत कागदावर मॅट ब्लॅक घातली तर ती मुरतच नाही. काजळीसारखी वर बसून राहते, आणि कितीही दिवसांनी बोट लावा, बोटाला येते.

"या दोघी जावा आहेत," बाबा म्हणाले होते. "दोघी चांगल्या घरच्या. पण एका चुलीवर चालायच्या नाहीत."

अडचण अशी, की मशीन जुनं होतं आणि त्यात दोघींसाठी नळी एकच. एकीला पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दुसरी आत येत नसे, आणि त्या बाहेर काढण्यात बरीच शाई वाया जायची. त्यामुळे बाबांनी आठवडाच वाटून टाकला होता. आधी चकचकीत कामं, लग्नं, बारशी, ओळखपत्रं. मग शाई बदलायची आणि चित्रकारांची सुती कागदावरची कामं काढायची. आत कोणती जाऊ नांदतेय हे कळावं म्हणून मशीनच्या झाकणाच्या कडीला एक फडकं असायचं. फडकं बांधलेलं असलं की आत मॅट, सोडलेलं असलं की फोटो. कॉम्प्युटरवर काय लिहून येतंय ते बाबा बघायचे नाहीत. त्यांचा हात आधी कडीकडे जायचा.

घरात चौघं होती, त्यातला धाकटा गेला. कॉलेज संपायच्या वर्षी, मोटरसायकलवरून परत येताना, एका साध्या वळणावर. त्यानंतर बाबांनी त्याचं नाव काढलं नाही. रडले नाहीत असं नाही, पण जे काही केलं ते नळ सोडून, मोरीचं दार लावून. जेवायला बसायच्या जागा बदलल्या, तेवढीच काय ती त्यावर घरात चर्चा झाली. फोटो भिंतीवर लावायचा विषय फ्रेमवाल्याने एकदा काढला होता. आईने हात जोडले. "नको भाऊ. भिंतीवर गेला की गेलाच म्हणायचा."

फोटो तसा एकच चांगला होता. दुरुस्तीहून आलेला कॅमेरा तपासायला म्हणून बाबांनी दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या धाकट्याचा काढलेला. वीज गेली होती, मागे दुकानाचा अंधार, आणि चौकटीला टेकून तो हसत होता. फ्रेमवाल्याने काहीतरी अचकट बोलून त्याला हसवलं होतं. काय ते फ्रेमवाल्यालाही आता आठवत नव्हतं. धाकट्याचे वाढलेले काळे केस आणि मागचा काळा अंधार यांच्यामध्ये उजेडाची एक दोऱ्याएवढी कड होती. तो फोटो कॉम्प्युटरमध्ये पडून होता. कुणी उघडत नव्हतं.

मग आईचे डोळे जायला लागले.

डोळ्यांच्या पडद्याचा काहीतरी आजार. मधलं आधी जातं, कडेचं मागे राहतं. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते येणार नाही, आणि राहिलंय ते हळूहळू जाईल, मग एकदम जाईल. आई समोरचं बघायला मान तिरकी करायला लागली. एकदा पोळपाटावर पडलेली किल्ली सापडेना तेव्हा ती स्वतःच हसली. "कोंबडी झालेय मी. दाणा समोर टाकला तर दिसत नाही. बाजूला टाका, लगेच टिपते."

अशीच एका संध्याकाळी शेंगा सोलताना ती म्हणाली, "अहो, तो दारातला फोटो आहे ना?"

कुठला ते बाबांनी विचारलं नाही.

"मला एकदा नीट बघायचाय. दिसतंय तोवर."

"बरं," बाबा म्हणाले, आणि एक शेंग उचलून सोलायला लागले. ती सोलून झाल्यावर दाणे टोपल्यात आणि टरफलं खिशात टाकली. लेकीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो पहिल्यांदा छापला, चकचकीत कागदावर, फोटो ब्लॅकने. छान आला. केसांची बट न् बट सुटी दिसत होती. घरी आणून आईच्या हातात दिला. तिने मान एकीकडे केली, दुसरीकडे केली.

"यात खिडकी आहे," ती म्हणाली.

खिडकीच होती. चमकणाऱ्या काळ्यात मागची अख्खी खिडकी उतरली होती, गजांसकट. खिडकीपासून दूर नेला तर उजेड कमी पडे, दिव्याखाली धरला तर दिवाच दिसे. बाबांनी "बरं" म्हणून फोटो परत घेतला. आठवड्याची शाई बदलल्यावर सुती कागदावर काढला. त्यात चमक अजिबात नव्हती, पण त्या कागदाचा पांढरा साईसारखा, जरा पिवळट. धाकट्याचे दात आणि गाल त्यात मऊ पडले.

"धुक्यात उभं आहे कुणीतरी," आई म्हणाली. "पुरुष आहे ना?"

बाबा "बरं" म्हणाले.

मग त्यांनी हातात येतील ते कागद धुंडाळले. मधल्या जातीचा, थोडा चमकणारा कागद आणला. त्याच्यात दोन्हीकडचं थोडं थोडं वाईट होतं. फोटो दाराएवढा मोठा केला तर आई म्हणाली, "नाक एकीकडे, कान एकीकडे. मी कुठे कुठे मान फिरवू?" लेकीने मोबाइलवर दाखवून बघितला. "टॉर्च मारू नकोस गं तोंडावर," म्हणत आईने डोळे मिटून घेतले. दर वेळी बाबा बरं म्हणायचे आणि दर वेळी ते बरं जरा आखूड होत चाललं होतं.

"डांबरशेठ, वहिनींना काय एवढं रोज दाखवताय? प्रदर्शन भरवताय काय?" भिंतीपलीकडून फ्रेमवाला.

लेक बाहेर जाऊन फ्रेमवाल्याच्या कानात सांगून आली. नंतर बराच वेळ पलीकडून करवतीचा आवाज आला नाही.

मधल्या काळात आई दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची ते चालू होतं. घर पुढच्याच गल्लीत. लेक जाऊन तिला कोपराला धरून घेऊन यायची. तिघं दुकानातच जेवायची. एकदा जेवण झाल्यावर हात पुसायला काही मिळेना म्हणून आईने चाचपत मशीनच्या कडीचं फडकं सोडून घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "शी! हे फडकं आहे का गटार?" आणि धुवायला म्हणून रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन गेली. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. चित्रकाराची घाई होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा धाकट्याचा फोटो छापायला घेतला. हात सवयीने कडीकडे गेला. फडकं नव्हतं. म्हणजे आत फोटो ब्लॅक. चकचकीत कागद घातला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरवर चित्रकाराच्या कामाची मांडणी तशीच होती, आत मॅट ब्लॅकही तशीच होती. कागद इंचाइंचाने बाहेर आला तसा बाबांचा चेहरा बदलला. त्या काळ्याला चमकच नव्हती. आरशावर काजळी धरावी तसा तो कागदावर बसला होता. त्यांनी अंगठा दाबला. अंगठा कोळशासारखा झाला.

"गाढव आहे मी."

"फडकं नव्हतं ना, बाबा," लेक म्हणाली.

"फडकं नसलं म्हणून काय झालं? डोळे होते ना?"

डोळे हा शब्द तोंडातून गेल्यावर बाबांनी जीभ चावली. फोटो त्यांनी रद्दीच्या टेबलावर टाकला, तोंड वर राहील असा, आणि अंगठा चौकटीला पुसला. लेक आईला आणायला गेली.

आई आली, नेहमीच्या स्टुलावर बसली. डबा उघडला. बाबांनी घास घेतला. आईची मान कशासाठी तरी तिरकी झाली आणि तशीच राहिली.

"हा इथे काय करतोय?" ती म्हणाली.

"कोण?" लेकीने विचारलं.

"धाकटा. हसायला काय झालं त्याला एवढं?" तिचा चेहरा रद्दीच्या टेबलाच्या भलत्याच कोपऱ्याकडे होता, म्हणजे फोटो तिच्या डोळ्याच्या बरोबर कडेला येत होता. "आणि केस केवढे वाढवलेत. कापून ये म्हटलं होतं मी."

बाबांच्या तोंडातला घास तोंडातच होता. त्यांनी तो कसाबसा गिळला. "दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे? हा काय. दात बघा त्याचे, सगळे बाहेर."

पलीकडे फ्रेमवाल्याची करवत थांबली.

कळायला वेळ लागला नाही. चकचकीत कागदाचा लख्ख पांढरा तिला हवा होता, आणि मॅटचा काळा, ज्याच्यात खिडकी उतरत नाही. हे दोन एका जागी आणायचं कुणा छपाईवाल्याच्या मनातही येत नाही, कारण ते एका जागी टिकत नाहीत. चुकून झालं होतं म्हणूनच झालं होतं.

बाबा उठले, फोटो दोन्ही कडांना धरून आईसमोर नेला. "हात लावू नकोस हं. ओला आहे."

तो कधीच वाळणार नव्हता. पण तसं कसं सांगणार?

"बरं," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, बोलता बोलता, जसा तो झोपलेला असताना फिरवायची तसा, कपाळापासून मागे केसांवरून हात फिरवला.

केस तिच्या हाताबरोबर निघाले. कपाळावरून कानापर्यंत काळा फरांटा उठला, आणि उजेडाची ती दोऱ्याएवढी कड नाहीशी झाली. आई बघतच होती, मान तिरकी करून. मग म्हणाली, "आता नाही दिसत."

"ओला होता ना," बाबा म्हणाले. "उद्या दुसरा काढतो."

असं ते रोजचं झालं. फ्रेमवाला चमक न मारणारी म्हणून एक काच घेऊन आला. ती फोटोवर ठेवली की तिचीही थोडीशी चमक पडायचीच, आणि तेवढीनेही आईला दिसेनासं व्हायचं. वरून वॉर्निशचा फवारा मारून पाहिला तर काळ्याचा ओघळ झाला. हात लावायचा नाही असं आईला पुन्हा पुन्हा सांगता आलं असतं. बाबांनी ते पहिल्या दिवसानंतर सांगितलं नाही. लेकीने एकदा सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. त्यापेक्षा रोज एक फोटो छापायचा. कॉम्प्युटरला सुती कागद आहे असं सांगायचं आणि आत चकचकीत कागद सरकवायचा.

"मशीनशी खोटं बोललेलं चालतं," बाबा म्हणाले. "त्याला काही वाटत नाही."

आठवड्याची वाटणी मोडली. लग्नं आणि बारशी दुसरीकडे जायला लागली, कारण मशीनमध्ये आता कायमच मॅट ब्लॅक. धुतलेलं फडकं कडीला बांधलं ते सुटलं नाही. सकाळचा अंगठाही बदलला. शटर अर्धं वर करून बाबा आत शिरायचे, पट्टी सोडून कालच्या उरलेल्या फोटोच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर अंगठा दाबायचे, बाहेर येऊन बघायचे. आता तो काळा झाला की ते "हं" म्हणत.

दुपारी डबा खाताना फोटो आईच्या हातात जाई.

"दिसला का?" बाबा विचारायचे.

"दिसला."

"काय करतोय?"

"काय करणार? हसतोय. दुसरं काही येतं का त्याला?"

आणि मग इतक्या वर्षांनी बाबा बोलायला लागले. लहानपणी धाकट्याने सांडलेल्या शाईत दोन्ही पंजे बुडवून एका गिऱ्हाइकाच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर कसे उठवले होते, आणि आपण त्या माणसाला "ही आमच्या दुकानाची मोहोर आहे, सगळ्यांना देत नाही" असं कसं सांगितलं होतं. ते ऐकून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पलीकडून फ्रेमवाला ओरडला, "आणि डांबरशेठ, तो माणूस खूश होऊन गेला हे सांगा की!" लेकीला हे काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, बाबा विसरलेत.

घरात काळे ठसे पडायला लागले. दिव्याच्या बटणावर, पाण्याच्या पेल्यावर, साखरेच्या डब्याच्या झाकणावर, उशीच्या अभ्र्यावर. कधी आईच्या गालावर, कारण फोटो बघून झाल्यावर ती हात गालाला लावून बसायची. लेक ओल्या कपड्याने गाल पुसायची. "काय लागलंय?" आई विचारायची. "काही नाही, धूळ आहे."

असे बरेच आठवडे गेले. एका दुपारी बाबांनी फोटो आईच्या हातात दिला. तिने तो मांडीवर ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उचलला तेव्हा उलटा उचलला. कोरी पाठ तिच्याकडे, धाकटा समोरच्या भिंतीकडे बघून हसत. आईने मान तिरकी केली.

"आज जरा जास्तच हसतोय," ती म्हणाली.

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबा आईच्या हातातल्या त्या पांढऱ्या कोऱ्या कागदाकडे बघत होते. मग ते उठले, तिच्या हातावर हात ठेवून त्यांनी कागद हळूच फिरवला.

"असा धर. उजेडाकडे," ते म्हणाले. "काय करतोय?"

"सांगितलं की, हसतोय."

"असं होय," बाबा म्हणाले आणि जाऊन मशीनकडे तोंड करून उभे राहिले. फडकं कडीला नीट बांधलेलं होतं, तरी त्यांनी ते सोडून पुन्हा बांधलं.

लेकीला वाटलं, उद्यापासून हे थांबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अर्ध्या शटरखालून आत जाऊन अंगठा दाबला, उजेडात बघितला, "हं" म्हणाले आणि नवा चकचकीत कागद काढला.

बाबा गेले ते दुकानातच, एका दुपारी. लेक आईला घेऊन घरी गेली होती. फ्रेमवाला चहा आला म्हणून "डांबरशेठ, डांबरशेठ" करत भिंत ठोकत राहिला, मग उठून आला. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले होते, पाय आईच्या स्टुलावर. डॉक्टरांनी हृदय असं कारण सांगितलं. फ्रेमवाल्याने नंतर दुकानाचं शटर स्वतः खाली ओढलं आणि त्याच्यासमोर रस्त्यावरच बसून राहिला.

काही दिवसांनी लेकीने दुकान उघडलं. अंगठा दाबायला काही नव्हतं. शेवटचा फोटो आईबरोबर घरी गेला होता. चौकटीवरच्या डागाशी ती थोडा वेळ थांबली, मग आत जाऊन तिने धाकट्याचा फोटो छापला, सुती सांगून चकचकीत, आणि आईकडे घेऊन गेली.

आईने तो हातात घेतला, बोटांनी कड चाचपली आणि बाजूला ठेवला.

"नको गं छापत जाऊस. मला केव्हापासूनच दिसत नाही."

लेक तिच्याजवळ बसली. "माहीत आहे मला."

"ते हाताला यायचं ना, तेही कळायचं मला. बोटं एकमेकांवर घासली की पिठासारखं लागायचं. पण सांगितलं असतं तर ते छापायचे थांबले असते." आईने बोटांनी बोटं चोळली. "आणि छापायचे थांबले की बोलायचेही थांबले असते. एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं होतं त्या माणसाने."

लेकीने तिच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, बाबांना कळलं होतं. तू एकदा फोटो उलटा धरला होतास."

आईची मान तिरकी झाली, बघायचं काही नसताना.

"तरी विचारायचे? रोज?"

"रोज."

आईने बाजूला ठेवलेला कागद शोधला. हात दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडला. कागद मांडीवर घेऊन तिने त्याच्यावरून हात फिरवला, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत, फोटो पूर्ण पुसला जाईपर्यंत. लेकीने थांबवलं नाही.

भेटायला येणारे लोक विचारत, शेवटचं काय बोलले? लेक सांगायची, काही नाही. विशेष असं काही नव्हतंच. त्या दुपारी आईने नेहमीसारखा फोटो पाहिला होता, बाबांनी नेहमीसारखं विचारलं होतं. खरं तर तिघं दुकानातच जेवायची, पण त्या दिवशी आईला अंथरुणावर पडावंसं वाटलं, म्हणून तिचं आणि लेकीचं जेवण घरी व्हायचं होतं. लेक आईला कोपराला धरून निघाली. फ्रेमवाल्याच्या पायरीपर्यंत दोघी पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात मागून बाबांनी हाक मारली. ते दारात उभे होते, चौकटीला टेकून, मागे दुकानाचा अंधार.

"अगं, जेवायच्या आधी आईचे हात धू हं. साबण लावून."